खाडा

सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या आळीच्या तोंडाशी पिकअप येऊन थांबते. दोनदा हॉर्न वाजतो. डोक्याला फडकं गुंडाळलेल्या, साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवलेल्या आठ-दहा बाया डबा आणि पाण्याची बाटली सांभाळत मागच्या हौद्यात चढतात आणि गाडी टोमॅटोच्या तोड्याला निघून जाते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटच्या क्रेट उतरताना दिसतात, त्यांची सुरुवात ही अशी होते.

दोन वर्षांपूर्वी श्रावण सरता सरता शेजारच्या वहिनींना ताप भरला. चार दिवस त्या पडून होत्या. पडून म्हणजे आपल्याकडे बाई जशी पडून असते तशी. सकाळी उठून चहा-भाकरी उरकायची, मग पडायचं. संध्याकाळी धार काढायला उठायचं, मग पुन्हा पडायचं. पाचव्या दिवशी सकाळी मी दार उघडून बघते तर वहिनी फडकं बांधून पिकअपची वाट बघत उभ्या.

"बरं वाटतंय का हो?"

"ताप उतरला रात्री. चार खाडे पडले बाई, आज गेलंच पाहिजे."

"बरं झालं उतरला ते," मी म्हणाले आणि दुधाची पिशवी घेऊन आत आले.

ते माझं वाक्य मला अजून टोचतं. दुपारी बाराच्या आत तीच पिकअप त्यांना घेऊन परत आली. सरीतच खाली बसल्या म्हणे. पोटात कळ, दोन उलट्या, हातपाय बर्फासारखे गार. ताप मात्र नव्हता, म्हणून सोबतच्या बायांना वाटलं, उपाशीपोटी आल्या असतील, ऊन लागलं असेल. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. सलाइनवर तीन-चार दिवस काढून त्या घरी आल्या, चांगल्या झाल्या. पण दोन-चार तास उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी त्यांच्या मालकांना बाजूला घेऊन सांगितलं. मालकांनी ते वहिनींना कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं.

ताप उतरला की माणूस सुटला, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. बहुतेक तापांच्या बाबतीत ती खरीही ठरते, त्यामुळे ती मोडत नाही. डेंग्यू मात्र इथेच फसवतो. त्याचा ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. डोळ्यांच्या मागे दुखतं, सांधे असे ठणकतात की त्याला हाडमोडी ताप असंच नाव पडलंय. या दिवसांत घर घाबरलेलं असतं, कपाळावर घड्या ठेवल्या जातात. आणि ताप उतरतो तेव्हा, सगळे सुटकेचा श्वास सोडतात तेव्हा, काही थोड्या रुग्णांचा खरा धोक्याचा काळ सुरू होतो. तो एक-दोन दिवसांचा असतो. बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर पाझरून पोटात, छातीत साठतं. आतलं रक्त घट्ट होतं, दाब पडतो, हातपाय गार पडतात. आपण हात लावून म्हणतो, "अंग गार लागतंय, उतरला वाटतं." चांगली खूण आणि वाईट खूण अशी एकाच स्पर्शात येते.

याच आजाराच्या बिघडलेल्या रूपाला डॉक्टर रक्तस्रावी ताप म्हणत आलेत. १९९६ साली दिल्लीत याची मोठी साथ आली होती. दहा हजारांवर माणसं आजारी पडली आणि चारशेहून अधिक दगावली. त्यानंतर डेंग्यू हे नाव खेड्यापाड्यांत पोचलं. आता ते इतकं ओळखीचं झालंय की आळीत कोणाला ताप आला तर पहिला प्रश्न येतो, "पेशी किती?" दहावीच्या पोराचे मार्क विचारावेत तसा. पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, वाढाव्यात म्हणून कुठून कुठून किवी आणायची, पपईच्या पानांचा रस काढायचा. तो हिरवा कडू रस गिळणाऱ्याचं तोंड बघवत नाही. ज्याला प्यायचाय त्याने प्यावा, पण त्या आकड्याच्या नादात साध्या गोष्टी राहून जातात. पोट सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय का, गेल्या सहा तासांत लघवीला झाली का, माणूस सुस्तावलाय की उगाच चिडचिड करतोय. पेशींचा कागद यायच्या आधी हे सगळं घरातल्या घरात कळतं.

लघवीवरून आठवलं. वहिनी दवाखान्यातून आल्यावर मी त्यांची तोड्याला न्यायची बाटली पाहिली. लिटरची. विचारलं, दिवसाला किती लागतात? म्हणाल्या, "एवढीच. ती पण अर्धी उरती." मला वाटलं, तहान लागत नसेल. तर त्या हसल्या. टोमॅटोच्या शेतात आडोसा कुठून आणायचा? तारेवर बांधलेली झाडं कमरेच्या वर जातात खरी, पण पलीकडच्या सरीत गडी असतात. ऊस असेल तर आडोसा आहे, पण तिथे बिबट्याची भीती. जुन्नर तालुक्यात ही भीती काही पुस्तकातली नाही, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. म्हणून मग पाणीच कमी प्यायचं, म्हणजे जायचा प्रश्न नको. ज्या आजारात अंगातलं पाणी नळ्यांमधून पाझरून जातं आणि डॉक्टर ओरडून ओरडून पाणी प्या, ताक प्या, पेज प्या म्हणतात, त्या आजाराच्या दिवसांत बाई सरीत उभी राहून तहान मारत असते. डेंग्यूच्या कुठल्याही भित्तिपत्रकावर हे मी वाचलेलं नाही.

आणि दुसरी गोष्ट तर त्याहून दबकी.

वहिनींना दाखल करताना तिथल्या तरुण डॉक्टरने नेमाने विचारलं होतं, "कुठून रक्तस्राव होतोय का?" त्यांनी मान हलवली. नाही. संध्याकाळी एक वयस्क सिस्टर पलंगाशी आली. तिने पदर सारखा केला, जवळ वाकली आणि विचारलं, "मावशी, अंगावरून जातंय का?" तेव्हा वहिनी म्हणाल्या, हो, परवापासून, आणि नेहमीपेक्षा फार. पाळीची तारीखही नव्हती. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. रक्तस्राव म्हणजे त्यांच्या लेखी नाकातून येतो तो, कोयता लागल्यावर होतो तो. जे दर महिन्याला होतं, ज्याला आपण अडचण म्हणतो, कावळा शिवला म्हणतो, बाहेरची म्हणतो, त्याला कोणी रक्तस्राव म्हणत नाही. इतकी नावं दिली आपण त्याला, आणि त्यातलं एकही रक्ताचं नाही. मग दवाखान्यातला शुद्ध शब्द बाईपर्यंत पोचणार कसा? माझ्या मते निम्मी जनजागृती शब्दाच्या निवडीत असते. 'रक्तस्रावाची लक्षणे आढळल्यास' असं छापण्यापेक्षा 'अंगावरून जास्त जात असेल तर' असं छापावं. बघणाऱ्या पुरुषांना अवघडल्यासारखं होईल. होऊ द्यावं.

गोळीचंही तसंच. अंग ठणकतं म्हणून मेडिकलमधून 'अंगदुखीची' एक गोळी आणली जाते, पाळीत पोट दुखतं तेव्हाही तीच. त्यातल्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या डेंग्यूत रक्त वाहण्याची जोखीम वाढवतात. या तापात साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन असल्या गोळ्यांना हात लावायचा नाही. हे एक वाक्य बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करता करता सांगण्याजोगं आहे.

रक्त गोठत नाही म्हणजे काय, हे आमच्या भागाला तसं नवं नाही. इथे घोणस आहे. घोणस चावलेल्याचं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं की नाही ते बघतात. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यामुळे साप चावला तर वेळ घालवायचा नाही हे इथल्या लहान पोरालाही कळतं. पण साप दिसतो. बिबट्या दिसतो. हा डेंग्यू पसरवणारा, पायावर पांढरे पट्टे असलेला डास दिवसाढवळ्या चावून जातो, तरी त्याला डास म्हणूनच सोडून देतो आपण. शिवाय चावते ती फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं म्हणून. सकाळी सडा-सारवणाच्या वेळी आणि दिवस मावळायच्या आधी तिचा जोर जास्त. त्या दोन्ही वेळांना घरात, गोठ्यात, मोरीशी वाकलेली कोण असते ते सांगायला नको. तोड्याला जाणाऱ्या बायांचा तो फुल बाह्यांचा शर्ट उन्हासाठी आणि टोमॅटोच्या पानांचे काळपट हिरवे डाग हातावर पडू नयेत म्हणून असतो, पण डासाला अडवायलाही त्याच्याइतकं सोपं काही नाही. घरी आल्या आल्या तो खुंटीला जातो आणि नेमकी संध्याकाळ उघडी पडते.

पाण्याचं म्हणाल तर आशाताई दारात येतात तेव्हा मला त्यांची दया येते आणि थोडं हसूही. हातात बॅटरी. "बाई, पिंप बघू द्या." झाकण काढून बॅटरी पाण्यात तिरकी धरतात. अळ्या असल्या तर उजेडाला दचकून वळवळत खाली जातात, मग श्वासाला पुन्हा वर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते सुंदर वाटलं होतं, हे कबूल करते. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पाण्याचाच खाडा म्हणा ना. पण नुसतं उपडं करून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या काठाला, भांड्याच्या ओल्या भिंतीवर. ती चिकटून बसतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून काथ्याने घासायचं. रांजणाचा गळा, पिंपाची कड, फ्रिजच्या मागचा तो विसरलेला ट्रे.

हे सगळं बायकांना पाठ आहे. ग्रामपंचायतीने धुराची गाडी फिरवावी म्हणून भांडणाऱ्यांना मी सांगते, धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळीचं काही बिघडत नाही. पण खरी गंमत पुढे आहे. वहिनींच्या घरी आशाताईंनी स्वयंपाकघर, मोरी, माळा, कुंड्या सगळं तपासलं. लख्ख. अळी सापडली ती गोठ्यामागे, दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमात. फवारणीचं पाणी भरून ठेवायचा ड्रम. तो मालकांचा. फवारणी झाली की तळाला चार-सहा बोटं पाणी राहतं आणि तो तसाच उघडा. घरातलं पाणी बाईचं आणि शेतातलं पाणी गड्याचं, अशी वाटणी आपण केलीय. डासाला ती ठाऊक नाही. साथरोगाच्या बैठका आपण दुपारी तीनला महिला मंडळात घेतो आणि निळ्या ड्रमांचे मालक तेव्हा बाजारात भाव बघत उभे असतात.

ताप कामाच्या वाटेनेच येतो, हे आपल्याच राज्याने दुसऱ्या टोकालाही पाहिलंय. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडताप शिरला. हा तसा कर्नाटकातला आजार, १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तो हुडकण्यात मोठा वाटा उचलला होता. तोही रक्तस्रावी तापांच्याच कुळातला, फक्त डासाऐवजी गोचिडीतून येणारा. काजूच्या हंगामात बागेतल्या पातेऱ्यात बसून, वाकून बिया वेचायच्या, लाकूडफाटा आणायचा, गुरांमागे जायचं. गोचीड पातेऱ्यातच असते. माकडं मरून पडलेली दिसली तर लगेच कळवा, अंगाला तेल लावून जा, घरी आल्यावर अंग तपासा, हे तिथल्या बायांना शिकावं लागलं. काजू वेचायचं थांबवता थोडंच येतं.

आणि आपल्या पुणे जिल्ह्यात, पुरंदरच्या बेलसरला, जुलै २०२१च्या अखेरीस झिका सापडला. राज्यातला पहिला. गावात ताप वाढला होता, रक्ताचे नमुने पुण्याला याच संस्थेत गेले आणि त्यात एका पन्नाशीच्या बाईच्या रक्तात झिका निघाला. ती बरी झाली. डास तोच, पांढऱ्या पट्ट्यांचा. मला त्या बातमीतलं एवढंच लक्षात राहिलं की एका बाईचा ताप कोणीतरी अंगावर न काढता तपासायला पाठवला. आपल्या आळीत किती बायांचे ताप नाव न मिळताच उतरून गेले असतील.

आमच्या गावाला अंगावर काढण्याचा एक मोठा वारसा आहे. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या आधीपासून फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव निघालं की ती हकिकत सांगितली जातेच. दिवस भरलेले, तमाशा रंगात आलेला, कळा सुरू झाल्या, विठाबाई मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकताना अंगावर काटा येतो. मीही वर्गात कितीतरी वेळा सांगितली ती. पोरी डोळे विस्फारून ऐकायच्या. आता सांगताना मी अडखळते. विठाबाईंची ताकद अफाट होती, त्यात शंका नाही. पण त्या रात्री त्यांना खाडा घेता आला नाही, हेही त्याच हकिकतीत आहे, आणि ते आपण कौतुकाच्या खाली झाकून टाकलं. त्यांच्या नावाने आज सरकार पुरस्कार देतं. वर्गातल्या त्या डोळे विस्फारलेल्या पोरींपैकी दोघी-तिघी आता पिकअपमध्ये असतात.

खाडा हा शब्दच बघा. दुधाचा खाडा, पेपराचा खाडा, शाळेचा खाडा. रोजाला खाडा पडतो, कारण तो मोजला जातो. चुलीला, गोठ्याला, धुण्याला खाडा हा शब्द लागूच होत नाही.

यंदा गौरी-गणपतीच्या आधी वहिनींच्या धाकट्या जावेला ताप आला. वहिनींनी तिसऱ्या दिवशी रक्त तपासायला लावलं. डेंग्यूच. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं, रोज दाखवून जा म्हणाले. दिवसासुद्धा तिला मच्छरदाणीत निजवलं, कारण पहिल्या काही दिवसांत तिचं रक्त प्यालेला डास पुढे घरभर ताप वाटतो. शेजारपाजारच्यांना ती भरदुपारी मच्छरदाणी चमत्कारिक वाटली. लहान पोरं आत शिरून खेळायला लागली, त्यांना हाकलावं लागलं. निळा ड्रम मालकांनी घासून उपडा घातला. चार दिवसांनी तो पुन्हा सरळ झालेला मी पाहिला, फवारणी होती. पण वर पोत्याचं झाकण होतं, काठाला घट्ट बांधलेलं.

पाचव्या सकाळी ताप उतरला. पिकअप आली. जाऊ मच्छरदाणीतून बाहेर येऊन ओट्यावर बसली होती, आणि गाडी बघून अर्धवट उठलीसुद्धा. डोक्याचं फडकं कुठे असेल ते शोधत तिचा हात आपोआप खुंटीकडे गेला. वहिनी तोवर हौद्यात चढल्या होत्या. मुकादमाने विचारलं, "ती येत न्हाई का? ताप उतरला म्हनत होता की."

"उतरला म्हनूनच न्हाई येत. आज खाडा, उद्या पन खाडा."

तो काहीतरी पुटपुटला. गाडी हलली. जाऊ पुन्हा बसली, पण नुसतं बसायचं कसं ते तिला सुचेना. जवळच्या सुपातला लसूण ओढून सोलायला लागली. गाडी वळणाला लागता लागता वहिनींनी कठड्याला धरून मागे बघितलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"ए, तांब्या रिकामा झाला पायजे दुपारपत्तूर! आन् लघवीला किती येळा गेलीस ते बाईंना सांग!"

जाऊ लाजून लाल झाली. समोरच्या ओट्यावरून मी बोटं वर केली आणि मोजायला तयार आहे म्हणून खूण केली.